पुसल्याची वेळ

आर्पेनिकने रुमालाची गाठ सोडली. आत काडेपेटी,
काडेपेटीत कापसावर निजवलेलं कार्ड,
टपाल तिकिटाएवढं.
बाहेर ग्युमरीत उणे एकोणीस.
बाजारापासून चालत आलेली, भुवयांवर हिम,
आणि पहिलं वाक्य:
"मी काही केलं नाही. जावयाने केलं."

जावयाने कॅमेरा लिहीत असतानाच कार्ड उपसलं,
टीव्हीत खुपसलं.
आता नातवाचा बाप्तिस्मा कपाळापर्यंतच दिसतो,
खाली सगळं राखाडी.
एका फोटोत धर्मगुरूंची दाढी जांभळ्या पट्ट्यांत कातरलेली,
एकात मेणबत्ती तीन ठिकाणी
आणि बाळ कुठेच नाही.

मी हीटर तिच्या पायांकडे वळवला.
आधी कार्डाची हुबेहूब नक्कल करून घेतो,
मूळ कार्डाला पुन्हा बोट लावत नाही.
(एकदा लावलं होतं. ते असो.)
नक्कल होईस्तोवर काहीतरी बोलावं म्हणून सांगितलं,
फोटो पुसला म्हणजे फोटो जात नाही, काकू.
वहीतल्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडतात
आणि जागा रिकामी आहे असं जाहीर करतात.
राहणारा आतच असतो,
नवा भाडेकरू येईपर्यंत.

ती म्हणाली,
"अठ्ठ्याऐंशीच्या भूकंपात आमच्याकडे उलटं झालं.
नावं वहीत राहिली."

मग बराच वेळ फक्त पंख्याची घरघर.

यंत्राला नातू कळत नाही.
ते बाइटमागून बाइट चाचपत जातं,
फोटोच्या आरंभाची खूण दिसली की थांबतं,
शेवटाची खूण सापडेपर्यंत ओंजळ पुढे धरून बसतं.
नारेक येऊ लागला: ओला कान, मुठी,
रडताना उघडलेलं बिनदाती तोंड.
आर्पेनिक प्रत्येक फोटोला मान डोलवत होती,
जणू हजेरी घेतेय.

आणि मग तळातून दुसरंच काही वर आलं.
एकसष्ट फोटो, नऊ वर्षांपूर्वीचे,
पहाटे चार वाजून सहा मिनिटांपासून पुढे.
माणूस एकाही फोटोत नाही.
खुंटीवरचा झगा. शेगडीचं धुराडं.
कपाची तडा गेलेली कड, अगदी जवळून.
दाराची कडी, बंद. दाराची कडी, उघडी.
पलंगाखाली बायकी सपाता, एक उलटी पडलेली.
शेवटच्या फोटोत नुसता अंधार,
त्यात खिडकीएवढा थोडा कमी अंधार.

नावांची पहिली अक्षरं गेलेली, एकसष्टच्या एकसष्ट.

पडदा माझ्याकडे वळवून घ्यावा असं वाटलं.
गिऱ्हाईक मागेल तेवढंच द्यावं, असंही वाटलं.
पण तोवर तिने चष्मा लावला होता.

"सेदराक त्या सकाळी पाचच्या गाडीने गेला," ती म्हणाली.
"ओरेनबुर्गला. बांधकामावर.
मला वाटलं, बुटाची नाडी शोधतोय."
महिन्याच्या महिन्याला पैसे येतात.
कॅमेरा मात्र कपाटात ठेवून गेला होता,
लोकरी मोज्यांच्या मागे.

"आणि हे पुसले कधी त्याने?"

काढल्याची वेळ असते, काकू, सेकंदासकट.
पुसल्याची वेळ
कार्ड कुठेच लिहून ठेवत नाही.

ती ऐकून घेतल्यासारखी बसली.
चहा निवला, त्यावर साय धरावी तसा गप्पपणा धरला.
दुकानापुढून कोळशाचा ट्रक गेला, काच थरथरली.
मग तिने बोट पडद्याला टेकवलं,
थंडीने फुटलेलं, पिठाने पांढरं झालेलं बोट.

"ही कडी. बंद असलेली.
हा फोटो मोठा करून दे मला, चांगल्या कागदावर.
गेल्या वर्षी तुटली ती,
अशी आता कुठे मिळत नाही.
त्याला दाखवते."

सेदराकला?

"लोहाराला."

नारेकचे चार फोटो शेवटपर्यंत आले नाहीत.
त्यांचे पैसे मी धरले नाहीत.
बाकीचे साठ कुठे ठेवू, हे तिने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
एका फोल्डरात ठेवलेत,
नाव अजून दिलेलं नाही.