दहा हजारांपैकी सत्त्याण्णव

श्येह बी-युनबाई येताना टेप घेऊन आल्या,
शिवणकामाची, पिवळी, टोकाला उसवलेली.
काओश्युंगमध्ये मी नऊ वर्षं घरं विकतोय,
भर उन्हाळ्यात काळा कोट घालून.
टेप आणणारी माणसं मला आवडत नाहीत.

कागदावर चौतीस पिंग.
एक पिंग म्हणजे दोन चटया, शेजारी शेजारी.
जपानी निघून गेले, त्यांचं माप इथेच राहिलं.
बाई उकिडव्या बसत, सरकत, पुन्हा उकिडव्या,
बेरीज बोटांच्या पेरांवर.
न्हाणीघर मोजलं, ओट्याखालची सांदी मोजली,
दार उघडल्यावर त्याच्यामागे उरतो तो कोपराही.
आत वीस आणि वर थोडं.
बाल्कनीचे दोन आणि वर थोडं.
टेप गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाल्या,
"पोरा, माझे अकरा पिंग कुठे ठेवलेस?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पाठ असतं.
सामाईक हिस्सा, मी म्हणालो.
शब्द तोंडातून कसा सहज निघतो,
चोखून चोखून गुळगुळीत झालेल्या
आलुबुखारच्या बीसारखा.

बाईंचा हिशेब तव्यावरचा.
सव्वीस वर्षं पहाटे चारला शेगडी पेटवली,
अंड्याची धिरडी विकली, पस्तीसला एक.
एका पिंगाला साडेआठ हजार धिरडी.
"म्हणजे चौऱ्याण्णव हजार धिरडी," त्या म्हणाल्या,
"मी अशा जागेसाठी घातली
जिथे मला साधी खाट टाकता येणार नाही.
चल, दाखव."

मग दाखवलं. काय करणार?
लिफ्ट. लिफ्टसमोरची फरशी.
जनरेटरची खोली; तिथे त्यांनी पदर नसतानाही
पदर लावावा तसा हात नाकाला लावला.
गच्चीवरच्या टाक्यांवर टकटक करून
"भरलेली आहे" असं मलाच सांगितलं.
रखवालदाराचं टेबल. समारंभाचा हॉल,
प्लास्टिकखाली झाकलेलं गाण्याचं यंत्र,
चोवीस खुर्च्या.
"यातली माझी कुठली?"
नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
"प्रत्येकीतली थोडी थोडी," मी म्हणालो.
"नखाएवढी?"
"बोटभर असेल."
त्या हसल्या नाहीत. मीही नाही.
जिना मात्र लिफ्ट असताना
अकराव्या मजल्यापासून पायी उतरल्या.
मी पुढे, त्या मागे, वाकत, थांबत.
मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

घर त्यांनी घेतलं.

पुढे समितीच्या फान साहेबांचा मला फोन,
जसा काही विकलेल्या माणसाचाही मी जिम्मेदार:
बाई लिफ्टसमोर स्टूल टाकून शेंगा निवडतात,
समजावलं तर दस्त काढून दाखवतात,
दहा हजारांपैकी सत्त्याण्णव भाग,
शिक्का, सही, सगळं.
"उरलेल्या नऊ हजार नऊशे तीनवर
मी सालसुद्धा पडू दिलेलं नाही."

त्यानंतरचं मी रखवालदाराकडून ऐकलं.
भूकंपाची रात्र. मोठा नव्हता, पण वीज गेली,
लिफ्ट मध्येच अडकली, सुदैवाने रिकामी.
अंधारात सगळी इमारत जिन्यावर,
कडेवर पोरं, बगलेत मांजरं,
कुणाच्या एकाच पायात सपाता.
आठव्याच्या खाली, वळणावर,
स्टुलावर बी-युनबाई, हातात बॅटरी,
उजेड नेमका एका पायरीवर धरलेला.
"सावकाश," प्रत्येकाला सांगत होत्या,
"ही तिसरी दोन बोटं जास्त उंच आहे.
मी मोजलीय."

ती पायरी मी
शंभर वेळा विकली होती.