साडेबारा किलो

सहावीला नवी शाळा, तासगावात.
तिथल्या बाईंनी आधीच सांगून ठेवलंय,
अपूर्णांक आणि दशांश पक्के करूनच या.
म्हणून भर मे महिन्यात आसमा
बेदाण्याच्या शेडमध्ये माझ्या शेजारी,
पालथ्या कॅरेटवर, मांडीवर पाचवीचं पुस्तक.

माझे हात चाललेले :
काडी इकडं, काळा दाणा तिकडं,
लांब हिरवा दाणा वेगळ्या पाटीत.
तिनं वहीत ०.२५ आणि ०.५ लिहून
पंचवीसवाल्याला मोठं ठरवलंय.
पाचापेक्षा पंचवीस मोठेच की,
गावभर विचार म्हणते.

मी म्हटलं, ही दोघं शाळेतल्या नावानं आलीत,
म्हणून तुला ओळखू येईनात.
घरच्या नावानं हाक मार. हा पाव, तो अर्धा.
ती लाजली. खोडरबरानं कागद फाटेस्तोवर खोडलं.

सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच
आमच्या तोंडात आधीपासूनच होते.
छेद नंतर आला, पुस्तकातनं.
चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा,
पाऊण हिस्सा वाऱ्याचा.
हे काय कुणी फळ्यावर शिकवलं नाही.

मग एक छेद दोन अधिक एक छेद तीन.
तिनं वरचे वर मिळवले, खालचे खाली :
दोन छेद पाच.
मीही हेच लिहिलं होतं.
गुरुजींनी लाल रेघ मारली, त्याच वर्षी शाळा सुटली.
दोन्हींचा संबंध नाही,
पण आठवतात एकाच पानावर.

लसावि मला येत नाही, आसमा.
मला रस्ता येतो.
मणेराजुरीहून एसटीनं अर्धा तास,
स्टँडवरून शेडपर्यंत तासाचा तिसरा हिस्सा, पायी.
तीस आणि वीस, पन्नास मिनिटं.
तुझे दोन छेद पाच म्हणजे चोवीसच झाली.
चोवीस मिनिटांत तर मी अजून एसटीतच असते,
उभी, डबा छातीशी धरून.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, म्हणजे आधी दोघांची मिनिटं करायची.
हां, मिनिटं करायची.

संध्याकाळी दुपारनंतरचा माल काट्यावर.
लाल आकडे : १२.५००.
काट्यावरचा पोरगा ओरडला, बारा पाच!
पोपटमुकादमानं वहीत लिहिलं १२.०५
आणि पान उलटणार,
तेवढ्यात हिनं बोट ठेवलं.

"शून्याला कुठं किंमत असते गं?"
"पाचाच्या उजवीकडं नसते," ही म्हणाली.
"डावीकडं बसलं की असते."
आणि उभ्याउभ्याच पेन्सिलीनं,
दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह धरून,
वजाबाकी करून दाखवली. ०.४५.
किलोला आठ रुपये, म्हणजे तीन रुपये साठ पैसे.

हौसाक्का फस्सकन हसली.
मुकादमानं चष्मा पुसला, शून्य खोडलं,
तारीख पुन्हा एकदा लिहिली, उगाचच.
त्याच्या मनात काही नसेलही.
ऐकायला बारा पाच दोन्ही सारखेच.

नऊ हंगाम झाले मला इथं.
किती वेळा कुणी ओरडलं असेल बारा पाच, सात आठ,
आणि मी अंगठ्यानं घाम पुसत
सही करून निघून गेले असेन.
ती बेरीज मी मांडत नाही.
तेवढी मोठी वही घरात नाही.

परतीच्या एसटीत जागा मिळाली.
आसमा खांद्यावर झोपली, पेन्सिल मुठीत.
झोपता झोपता म्हणाली, उद्या गुणाकार.
अर्ध्याला अर्ध्यानं गुणलं की पाव होतो, आई.
मी हो म्हटलं.
गुणून कमी कसं होतं,
ते मला अजून पटलेलं नाही.
उद्या विचारीन तिला,
काड्या वेगळ्या करता करता.