आरशात नसलेली मुलं

बोगोताच्या दक्षिण टोकाला, बोसातल्या आमच्या शाळेत
पहाटे साडेपाचला धुकंही अजून उठलेलं नसतं.
मी खडूने रेघ ओढते बास्केटबॉलच्या वर्तुळातून आरपार,
आणि बावीस सायकली भिंतीला टेकून
थंडीने आखडल्यासारख्या उभ्या.

आधी हवा बघायची, अंगठ्याने दाबून.
मग ब्रेक. मग साखळी.
मग हेल्मेटचा पट्टा : हनुवटीखाली दोन बोटं मावली पाहिजेत,
तीन मावली तर ती नुसती टोपी,
असं मी रोज म्हणते
आणि मायकोल रोज तीन बोटं घालून दाखवतो.

रेघेवरून सरळ जाणं सगळ्यांना येतं.
एक हात सोडून वळणाची खूण करणं, तेही जमतं हळूहळू.
अवघड आहे ते मागे वळून बघणं.
मान वळली की खांदा वळतो,
खांद्यामागून हँडल,
हँडलमागून अख्खी युर्लेदी
थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या जिरेनियममध्ये.
तीन कुंड्या झाल्या आतापर्यंत.
"नजर मागे, चाक पुढे," मी सांगते.
ती गुडघ्यावरची माती झटकते आणि विचारते,
"पण बघायचंच कशाला? मागच्याला मी दिसतेच की."

उत्तर माझ्याकडे होतं,
पण तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून शुक्रवारी एवेलिओ क्विंतेरोंना बोलावलं.
एकतीस वर्षं बस चालवून गुडघे गेलेत त्यांचे,
बस अजून धावते, भाच्याकडे.
फाटकातून ती आत घेताना दोन्हीकडे चार-चार बोटं उरली
आणि त्यांनी मान हलवलीसुद्धा नाही.
पुढच्या काचेशी एक तान्ह्या बाळाचा बूट लटकत होता,
एकच.

मुलांना त्यांनी बसच्या उजव्या अंगाला उभं केलं,
सायकलींसकट, खेटून.
युर्लेदीला बसवलं ड्रायव्हरच्या जागेवर.
पाय पोचत नव्हते. स्टिअरिंग तिच्या मिठीत मावत नव्हतं.
"आता मोज," ते म्हणाले.

ती आरशात वाकली. डावीकडच्या, मधल्या, उजवीकडच्या.
बाहेर एकवीस जण घंट्या वाजवत होते,
मायकोल तर बेंबीच्या देठापासून ओरडत होता.
आरशात भिंत होती, धुकं होतं,
फाटकाशी अंग चाटणारं एक कुत्रं होतं.
मुलं नव्हती.

ती उतरली, धावत बसला वळसा घालून गेली.
सगळे तिथेच.
पुन्हा चढली.
कोणी नाही.

बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसली.
मग अगदी हळू आवाजात :
"म्हणजे मी पण नसते?"

एवेलिओ काहीतरी सांगणार होते.
खिशातून फडकं काढलं त्यांनी
आणि उजवा आरसा पुसत राहिले,
जो स्वच्छच होता.

नंतर सगळ्यांनी गूळपाणी प्यायलं, वाफाळतं, पेल्याला हात शेकत.
एकेकाने बसमध्ये चढून मोजलं.
मायकोलला आरशात एक टाच दिसली म्हणे.
कोणाची, यावर भांडण झालं.

सोमवारी आम्ही पहिल्यांदा रस्त्यावर.
कालव्याकाठून, कुत्र्यांच्या गल्लीतून, पावाच्या भट्टीवरून,
पिवळ्या बंड्यांची लांबलचक रांग, शेवटी मी.
मोठ्या चौकात बस थांबली होती,
आणि तिच्या उजव्या कडेला फट, एक सायकल सहज जाईल एवढी.
युर्लेदी सगळ्यांत पुढे होती.
मान वळवून तिने मागे बघितलं. हँडल जरासं थरथरलं, फिरलं नाही.
हात वर केला. सगळे थांबले.
फट तशीच राहू दिली तिने,
आणि वर बघत उभी राहिली, डोळे मोठे करून,
ड्रायव्हरने खिडकीतून वाकून
तिच्याकडे बघेपर्यंत.
मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वाजवू देत.
त्याने एक बोट उचललं.
तिने घंटा वाजवली.

चौक ओलांडल्यावर मी शेवटून मोजलं.
एकवीस.
पुन्हा मोजलं. एकवीस.
पोटात खड्डा पडला, पाय पेडलवरून सुटले,
मग आठवलं,
दानेलीला आज ताप आहे, तिच्या आईचा निरोप होता.
तरी मी तिसऱ्यांदा मोजलं.