एक पूर्णांक चार

कवटीचं सोपं असतं. ती गप्प असते.
तिला खुणेची काठी लावली,
काठीवरचे तीन चकचकीत गोळे
छताजवळच्या कॅमेऱ्याला दिसू लागले,
की पडद्यावरचा नकाशा जागचा हलत नाही.

खालचा जबडा म्हणजे बोलणारं हाड.
भूल दिलेल्या माणसाचाही तो
जरा उघडावा तर निसटतो.
म्हणून काठी त्याच्याच हनुवटीला लावायची,
स्क्रूनं, घट्ट.
पुस्तकात हे एका ओळीत आहे.
मला ते कळलं अंबादास गुंडेटींच्या टेबलाशी,
होटगी रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
सकाळी पावणेअकराला.

गाठ साधी, पण हाड पार पोखरलेलं.
पडदा म्हणत होता,
ओठाची नस अजून चार मिलिमीटर खाली.
बोट म्हणत होतं, नाही.
का नाही, ते बोटाला सांगता येईना.
मी करवत थांबवली.
"मॅडम, हिरवं आहे सगळं," शोएब म्हणाला.
असू दे. दातावर टोक टेकव.
त्यानं टेकवलं.
पडद्यावर ते टोक
दातापासून लांब, हवेत उभं.

स्क्रू अर्धा आटा सैल.
सगळं पुन्हा पहिल्यापासून. बावीस मिनिटं.
भूल देणाऱ्या बाईंनी घड्याळ पाहिलं,
बोलल्या काही नाहीत.

आदल्या संध्याकाळी राजमणीला
मी कापायचा साचा दाखवला होता:
पायाच्या हाडाचा कोणता तुकडा, कोणत्या कोनात.
तिनं तो उलटा केला, सुलटा केला,
तेंदूच्या पानावर पत्रा ठेवून
पस्तीस वर्षं कात्री चालवलेल्या बोटांनी.
"आमचा पत्रा झिजला की
कारखान्यात विड्या छाटात जातात.
तुमचा झिजतो का?"
म्हटलं, हा एकदाच वापरायचा.
ते काही तिला पटलं नाही.
एवढं नीट केलेलं, आणि एकदाच?

नंतरचा स्कॅन ठरवलेल्या हाडावर ठेवून पाहिला.
ठरवलेलं निळं, झालेलं पिवळं.
सगळ्यात जास्त फरक डाव्या कोपऱ्यात,
एक पूर्णांक चार मिलिमीटर.
मी लिहिलं, समाधानकारक.
पुण्याच्या मैत्रिणीला फोन करून
थोडी मिरवलेसुद्धा.

आठ महिन्यांनी, नवे दात बसल्यावर,
तो कडक भाकरी घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
तीस वर्षं मागांची दुरुस्ती केलेला माणूस.
"ऐका," म्हणाला, आणि चावला.
कट्ट.
"ऐकलं?"
काय?
"डावीकडं आधी वाजतंय.
धोटा पेटीत लवकर आला की असंच वाजतं.
कापड निघतं हो.
पण वाजतं."

मला एकच आवाज आला होता.

निळा कागद चावायला दिला.
डावीकडे एक गडद टिंब, मोहरीएवढं.
उजवीकडे कोरं.
घासलं. पुन्हा कागद. पुन्हा घासलं.
तो डोळे मिटून दातावर दात आपटत राहिला,
माग सुरू करून
बाजूला उभं राहावं तसा.
चौथ्या वेळी त्यानं बोट वर केलं. बस्.

"फायलीत काय लिहायचं?" शोएबनं विचारलं.
लिही, कानानं दुरुस्त.
"आणि किती?"
तो रकाना अजून रिकामा आहे.

राजमणी त्याच्यावर चिडली होती,
नुसती भाकरी कशी आणली म्हणून,
शेंगाचटणीचा डबा घरी ओट्यावरच राहिला म्हणून.
तो हसत होता.
खालच्या ओठावर, डावीकडे,
भाकरीचा एक कण चिकटलेला.
मी सांगणार,
तेवढ्यात त्यानं तो पुसला.