कुंपणामागची टिटवी

उम्म अल कुवैनला आमच्या खोलीमागे
जाळीचं कुंपण, पलीकडे धावपट्टी.
सुट्टीच्या दिवशी शिकाऊ पोरं छोटी विमानं काढतात,
आवाज शिलाई मशीनचा.

गच्चीवर मी डांगरी वाळत घालतो.
त्यातल्या लाल-पांढऱ्या विमानाला मी म्हणतो टिटवी.
ते कुठेच जात नाही.
खाजणावरून वळतं, टेकतं न टेकतं, पुन्हा वर.
सकाळपासून अकरा वेळा.

फोनवर शैला विचारते,
"निघालात की काय? विमान ऐकू येतंय."
"नाही गं, ही इथल्या इथेच फिरतात."
ती गप्प.
मग, "कढीपत्त्याला पालवी आली बरं का."

वाऱ्याची केशरी पिशवी फुगते, पडते.
बारावी फेरी.
या खेपेला टिटवी कुंपणाशी येऊन थांबते,
आतला पोरगा मला हात हलवतो.
माझ्या हातात डांगरीची ओली बाही.
तीच हलवली.