साच्याचं तेल

खानापुरात, कौलांच्या कारखान्यात
साच्याला तेल लावतात, करंजाचं.
नाही लावलं तर माती साचा सोडत नाही,
कडेला धरून बसते हट्टानं.
दर वीस कौलांना एक बोळा.
त्या तेलाचा हिशेब वहीत असतो, रोजच्या रोज.

हातांचा हिशेब नसतो.

माती तेल पिते, हे मला
पहिल्याच आठवड्यात कळलं.
दिवसभर ओला गोळा उचलायचा, दाबायचा, कडा कापायच्या,
आणि संध्याकाळी तळवे असे
की लुगड्याची घडी करताना धागा अडकायचा.
मीठ हातात घ्यायची भीती.

साच्याच्या डब्यात बोट बुडवताना
फोंडूबाईनं पाहिलं मला.
'ते नको गे. वास येतो त्याला, हजेरीवाला ओळखतो.
शुक्रवारी ये घरला.'

शुक्रवारी तिच्या पडवीत सूप भरून भिरंडाच्या बिया.
आमसुलं कधीच बाजारात गेलेली,
मागं उरलेलं हे, ज्याला कुणी भाव विचारत नाही.
वाळवलेल्या. कांडलेल्या.
मग पाणी, मग आच, मग नुसतं बसणं.
अर्धा तास काहीच दिसत नाही
आणि ती म्हणते, 'बघ, आलं.'
काहीच आलेलं नसतं.
मग येतं. पिवळट, डोळ्याएवढं,
दुसऱ्या डोळ्याला जाऊन चिकटतं.

कोमट असतानाच मुठीत दाबायचं,
म्हणून मुठेल.
प्रत्येक गोळ्यावर चार बोटांच्या खाचा.
शेजारची लगमव्वा याला मुरगल तुप्प म्हणते
आणि भाकरीवर घेते, पोटाला थंड म्हणून.
फोंडूबाई म्हणते भिरंडेल, ते टाचेला लावायचं.
तूप की तेल, खायचं की लावायचं,
सतरा वर्षं चाललंय दोघींचं.
लगमव्वा मराठीत भांडते, फोंडूबाई कानडीत,
समोरचीला नीट लागावं म्हणून.

गोळा दगडासारखा. नखानं खरवडायचा,
चिमूटभर तळव्यावर घेऊन चोळत राहायचं
अंगाची ऊब त्याला पटेपर्यंत.
पौषात पटत नाही लवकर,
आधी चुलीपुढं हात धरावे लागतात.
भेगेत उतरलं तरी झोंबत नाही.
याचं मला फार दिवस नवल होतं.
झोंबत नाही ते औषध कसलं?

नणंदेची पोर टिळकवाडीत पार्लरात आहे.
सांगत होती, हेच डबीत येतं, साडेतीनशेला,
आणि झाकणावर फळाचं चित्र.
मी विचारलं, खाचा असतात?
ती हसली. 'मामी, ते मशीन भरतंय.'

रात्रीच लावायचं, असा नेम होता माझा.
एक दिवस विसरून सकाळी लावलं
आणि वाळत घातलेलं कौल उचललं.
वर गेरू चढवला, तो चारच जागी धरेना.
चार बोटं, फिकी, स्पष्ट.

कलघटगी साहेबांनी अकरा जणींना उभं केलं.
'साच्याचं तेल चोरताय. हात दाखवा.'
दाखवले.
अकराच्या अकरा हात मऊ.
मला तोवर वाटत होतं
की फोंडूबाईचा शुक्रवार माझा एकटीचाच.

त्यांनी वाकून वास घेतला, एकेकीचा.
करंजाचा नव्हता.
कशाचाच नव्हता, जरासा धूर सोडला तर.
फोंडूबाईपाशी ते जास्त वेळ वाकले,
तेव्हा तिनं खाली, त्यांच्या चपलांकडं पाहिलं.
'टाचा बघा की साहेब, किती फुटल्यात.
शुक्रवारी याल?'

वहीत काय लिहिलं ठाऊक नाही.
ते कौल मात्र नापास मालात टाकलं
आणि मी ते घरी आणलं.
कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे आता.
उन्हात नीट पाहिलं तर वाटतं,
कुणीतरी आत बघायला
छप्पर उचलतंय.