फक्त मान

लिएक्साच्या दुकानात सोइली विचारते,
डाय कुठली देऊ?
पूर्ण अंगाची, की फक्त मानेची?

मी बादली काउंटरवर ठेवतो.
चारशेच्या वर पुंगळ्या, तोंडं काळवंडलेली,
एकीत गेल्या मूस-शिकारीचं सुकलं शेवाळ.
माझ्या किती, आउलिसच्या किती,
ते आता पितळालाही सांगता येणार नाही.
दोघा भावांच्या रायफली एकाच मापाच्या,
तरी बार उडाला की पुंगळी फुगते
आणि ज्या नळीच्या पोटात फुगली
तिचंच अंग घेऊन बाहेर पडते.

आउलिस म्हणायचा, मानेचीच.
बाकी अंगाला हात लावायचा नाही, जिची तिला राहू दे,
पितळ कमी थकतं, नेम नीट बसतो.
बरोबरच होतं त्याचं.
पण मग त्याची पुंगळी माझ्या रायफलीत
बोल्ट अर्ध्यावर अडवते,
जसा तो अडून बसला होता वाटणीच्या दिवशी
आईच्या दारात, ना आत ना बाहेर.
माझीही मान काही कमी ताठ नव्हती.

तीन हिवाळे झाले.
प्रेस माझ्या टेबलाला जखडलेला, डाय त्याच्या खणात.
पैसे निम्मे निम्मे, सामान निम्मं निम्मं,
म्हणजे दोघांकडेही काहीच नाही.

सोइली नवा प्रेस दाखवते,
दांडा एकदा ओढला की पाच कामं, तासाला शेकडो गोळ्या.
नको. मला वर्षाला चाळीस लागतात
आणि आमचा हिवाळा केवढा लांब.
काटा दे, पण दांडीचा.
बॅटरीचा काटा गारठ्यात भरकटतो, माणसासारखा.
एक दारू सोडून अकरा वर्षं झाली मला,
ही दुसरी तोलताना रेडिओसुद्धा बंद ठेवतो.

आणि हो, लोकरीच्या मेणाचा डबा.
पहिल्या वर्षी मेण लावायचं विसरलो होतो,
पुंगळी डायमध्ये अशी रुतली
की आउलिसनं तिच्या बुडाला भोक पाडलं, स्क्रू पिळला,
ओढून काढली
आणि दोन दिवस हसत राहिला.
ती वाकडी पुंगळी अजून माझ्या खिडकीत आहे.

पूर्ण अंगाची दे, मी म्हणतो.
कुणाचीही असो, दोन्हीकडे बसेल.

सोइली खोकं काढते, किंमत बघते, थांबते.
मंगळवारी आउलिस आला होता, म्हणते.
तोही हीच घेऊन गेला.

पण त्याच्याकडे प्रेस कुठाय?

तेच मी विचारलं त्याला, सोइली म्हणते,
तर म्हणाला, बघू.

मी काट्याचे पैसे देतो, मेणाचे देतो.
डाय काउंटरवरच राहते.
बादली जड आहे.
त्याचं घर माझ्या वाटेवरच लागतं,
बारा किलोमीटर उलटं गेलं तर.